चूक सांगणाऱ्याचं पुढे काय होतं?

१० ऑगस्ट १९७९, श्रीहरिकोटा. ही गोष्ट आपण इतक्या भाषणांत ऐकली आहे की ती सुविचारासारखी गुळगुळीत झाली आहे. एसएलव्ही-३ हे सतरा टनांचं रॉकेट उडालं, दुसऱ्या टप्प्यात भरकटलं आणि बंगालच्या उपसागरात कोसळलं. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांना स्वतः तोंड दिलं आणि अपयशाची जबाबदारी अंगावर घेतली. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना त्यांनी पुढे होऊ दिलं नाही. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला तेव्हा मात्र पत्रकार परिषद घ्यायला त्यांनी कलामांनाच पाठवलं.

मोठ्या मनाचा साहेब, असं तात्पर्य काढून आपण इथंच थांबतो. कलाम मात्र ही गोष्ट सांगताना तिचा एक अडचणीचा तुकडा वगळत नसत. उलटगणती चालू असताना संगणकाने उड्डाण रोखून धरलं होतं, कारण नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितलं, की गळती धरूनही साठा पुरेल. कलामांनी संगणकाचा इशारा बाजूला सारला आणि रॉकेट सोडलं. म्हणजे धवनांनी ज्याला पाठीशी घातलं त्याचा निर्णय खरोखरच चुकला होता. आणि ती चूक त्या माणसाने पुढे आयुष्यभर व्यासपीठांवरून सांगितली. तशी ती सांगता येणं हीच या गोष्टीतली सगळ्यात दुर्मीळ बाब आहे.

‘रेझिलियन्स’ आणि ‘ग्रोथ माइंडसेट’ हे दोन शब्द आज प्रत्येक प्रशिक्षणवर्गात ऐकू येतात. संकटात न मोडण्याची ताकद आणि क्षमता वाढवता येते हा विश्वास, असे त्यांचे ढोबळ अर्थ. नेत्याकडे ही दोन्ही हवीत याबद्दल वाद नाही. ती येतात कुठून, दबावाखाली टिकतात कशी आणि त्यांच्या नावाखाली काय काय खपवलं जातं, याबद्दल मात्र बरंच बोलण्यासारखं आहे.

दोन शब्दांचं मूळ

संकटातून तरून जाण्याचा अभ्यास सुरू झाला तो मोठ्या साहेबांवर नव्हे, लहान मुलांवर. हवाईमधल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं घेतला. त्यांतली बरीच मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण किंवा व्यसन अशा एकावर एक रचलेल्या अडचणींत वाढत होती. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे धड, कर्तबगार, मायेची माणसं झाली. त्यांच्यात असं काय होतं? स्वभावाचा वाटा होताच. पण पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट फार साधी होती. आजी, शिक्षक, शेजारी असं निदान एक भरवशाचं मोठं माणूस त्यांच्या आयुष्यात होतं. पुढे २००१ मध्ये अ‍ॅन मास्टन यांनी या सगळ्या संशोधनाचा आढावा घेताना याला साधीसुधी जादू म्हटलं. अलौकिक मनोबलापेक्षा रोजच्या आधाराचं पारडं जड निघालं होतं.

दुसऱ्या शब्दामागे स्टॅनफर्डच्या कॅरल ड्वेक आहेत. त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ मध्ये आलं आणि जगभर गेलं. पण मला त्यांचा क्लॉडिया म्युलर यांच्यासोबतचा १९९८ चा शोधनिबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. ती सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश चाखवलं. त्यानंतर पहिल्यासारखीच सोपी कोडी दिली, तेव्हा हुशारीचं कौतुक झालेली मुलं घसरली, तर मेहनतीचं कौतुक झालेली सुधारली.

प्रशिक्षणवर्गात गोष्ट इथं संपते. या प्रयोगाला एक शेपूट होतं. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपापले गुण लिहून द्या, असं या मुलांना सांगितलं गेलं. हुशार म्हटलेल्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी गुण वाढवून लिहिले. मेहनती म्हटलेल्यांमध्ये हे प्रमाण आठात एक इतकंच होतं. हुशार मुलांना खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. फक्त, कमी गुण म्हणजे कमी हुशारी असा हिशेब त्यांच्यापुढे मांडला गेला होता आणि तो त्यांना परवडणारा नव्हता. त्या मुलांच्या जागी विभागप्रमुख बसवा आणि गुणांच्या जागी मासिक अहवाल, म्हणजे हा प्रयोग आपल्या ओळखीचा वाटू लागेल.

पुरावा किती पक्का?

ड्वेक यांचा सिद्धान्त जितक्या वेगाने पसरला तितक्याच कसोशीने तो पुढे तपासला गेला. २०१८ मध्ये व्हिक्टोरिया सिस्क आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मानसिकता आणि शैक्षणिक यश यांच्यातला संबंध फिका निघाला. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सहावीच्या विद्यार्थ्यांवरच्या एका मोठ्या चाचणीत अशा प्रशिक्षणाचा जादा फायदा दिसलाच नाही. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये अमेरिकेतल्या सुमारे बारा हजार नववीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास आला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांची सरासरी चार गुणांच्या पट्टीवर ०.१ ने वाढली होती. २०२३ मध्ये तर एकाच नियतकालिकात दोन एकत्रित विश्लेषणं आली. एकाने म्हटलं, परिणाम नगण्य आहे आणि अभ्यासांचा दर्जाही शंकास्पद. दुसऱ्याने म्हटलं, परिणाम सगळ्यांवर सारखा नाही, पण ज्यांना गरज आहे त्यांच्यावर दिसतो.

‘नेचर’च्या अभ्यासातली एक ओळ या भांडणावर उजेड टाकते. ज्या शाळांत अवघड गोष्ट अंगावर घेणं वर्गमित्रांच्या दृष्टीने मानाचं होतं, तिथं तो धडा रुजला. जिथं ते हास्यास्पद होतं, तिथं तो वाहून गेला. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. बियाणं कितीही चांगलं असो, वाफसा आल्याशिवाय पेरणी करत नाहीत. चिखलात पेरलं तर कुजतं, कोरड्यात पेरलं तर उगवत नाही. ‘मनोवृत्ती बदला’ असं माणसांना सांगणाऱ्यांनी आधी जमीन हातात घेऊन बघावी.

आणखी एक सावधगिरी. यातलं बहुतेक संशोधन शाळकरी मुलांवरचं आहे. ते जसंच्या तसं चाळिशीतल्या व्यवस्थापकावर चिकटवणं धाडसाचं होईल. नुसती मेहनतीची स्तुती केली की झालं, या समजुतीबद्दल खुद्द ड्वेक यांनीच २०१५ मध्ये इशारा दिला होता. चुकलेल्या वाटेने कष्ट करणाऱ्याला शाबासकी देत राहिलं तर तो त्याच वाटेने आणखी पुढे जातो. त्याला नवी वाट शोधायला मदत लागते.

दबाव काय करतो?

थोडा ताण कामाला बरा असतो, अति झाला की हात कापू लागतात, हे प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असतं. संस्थांचं काय होतं, याचं नेमकं वर्णन बॅरी स्टॉ आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये केलं. धोका दिसला की संस्था आखडते. माहिती कमी घेतली जाते, निर्णय वरच्या दोन-चार माणसांच्या हातात गोळा होतात आणि जे पाठ आहे तेच पुन्हा केलं जातं. म्हणजे नव्या विचाराची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हाच त्याची वाट बंद होते.

या सवयीला उलटं वळण दिल्याचं उदाहरण आपण टीव्हीवर पाहिलं आहे. १९ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. कसोटीतली ही आपली नीचांकी धावसंख्या. कर्णधार विराट कोहली ठरल्याप्रमाणे पत्नीच्या बाळंतपणासाठी घरी परतला, मोहम्मद शमीचा हात मोडला आणि संघ डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेच्या हाती आला. छत्तीसवर बाद झालेला संघ काय करील? फलंदाजी भक्कम करील, हा साधा हिशेब. मेलबर्नला कोहलीच्या जागी मात्र रवींद्र जडेजा आला आणि भारत पाच गोलंदाज घेऊन उतरला. घाबरलेला संघ असा निवडला जात नाही. रहाणेने ११२ धावा केल्या. जडेजाच्या अर्धशतकाची एकच धाव बाकी असताना चोरटी धाव घेण्याच्या नादात तो धावबाद झाला. जाताना त्याने जडेजाच्या खांद्यावर थाप मारली. शतकवीर कर्णधार दुसऱ्याच्या धावेपायी बाद होतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे ड्रेसिंग रूममधला प्रत्येक नवखा बघत असतो. त्या सामन्यात शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज पहिलीच कसोटी खेळत होते. भारत आठ गडी राखून जिंकला.

पुढे सिडनीला जखमी अवस्थेत सामना वाचवला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला ३२८ धावांचा पाठलाग करून मालिका जिंकली. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर हरली नव्हती. तोवर बुमराह, अश्विन, जडेजा, विहारी सगळे जायबंदी झाले होते. पहिल्या डावात पालघरच्या शार्दूल ठाकूरने आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरने सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या.

याला जिद्द म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ही मुलं आकाशातून पडली नव्हती. राहुल द्रविड प्रशिक्षक असताना भारत ‘अ’ संघाच्या दौऱ्यांवर त्यांतली अनेक जण घडली होती. कुणाचं लक्ष नसताना, अर्ध्या रिकाम्या मैदानांवर भरलेलं हे धान्य होतं. ब्रिस्बेनला कणगी फक्त उघडली गेली.

धान्य भरलेलं नसलं की काय होतं, याचं उदाहरण काळीज हलवणारं आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत वणवा विझवायला उतरलेल्या तुकडीचा आग पाठलाग करू लागली. तुकडीप्रमुख वॅग डॉज याला धावता धावता एक तोड सुचली. त्याने समोरचं गवत स्वतःच पेटवलं, जळून मोकळ्या झालेल्या राखेत तो पालथा पडला आणि इतरांनाही तिथं यायला सांगू लागला. कुणीही आलं नाही. डॉज वाचला; तेरा जण गेले. कार्ल वाइक यांनी १९९३ मध्ये या घटनेचा अर्थ लावला. डॉजची तोड बरोबर होती, पण त्या माणसांशी त्याची पुरेशी ओळख नव्हती. अनोळखी प्रमुख आगीपुढे उभा राहून आणखी आग लावतो आहे, एवढंच त्यांना दिसलं असेल. दबावाच्या क्षणी नेत्याला सुचून भागत नाही. त्याचं ऐकलं जावं इतका विश्वास आधी जमा असावा लागतो.

साहेबाच्या पुढून

विश्वासाची ही वाट दुहेरी असते. वरून खाली हुकूम जातो, खालून वर बातमी यावी लागते. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही आपली म्हण म्हणजे बातमी वर न जाण्याचं संपूर्ण शास्त्र आहे.

विमानचालनाने या शास्त्राची किंमत मोजली. १९७७ मध्ये तेनेरीफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर आदळून ५८३ माणसं गेली. मुख्य वैमानिकाने उड्डाण सुरू केलं तेव्हा धावपट्टी रिकामी आहे ना, ही शंका कॉकपिटमध्ये निघाली होती आणि विरूनही गेली होती. डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ एक विमान चाकांचा बिघाड तपासत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. इंधन घटत असल्याचं सहकाऱ्यांना दिसत होतं, पण त्यांनी ते आडून आडून सुचवलं. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने ठामपणे बोलायचं आणि वरिष्ठाने ऐकायचं, हा रीतसर विषय झाला. १९७६ पासून नासा चालवत असलेल्या यंत्रणेत अमेरिकेतले वैमानिक स्वतःच्या चुका गोपनीयपणे कळवतात. त्या कागदांतून पुढचे अपघात टळतात.

एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत एक चकवा बसला. चांगले चमू कमी चुका करत असतील, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आकडे उलट आले. चांगल्या चमूंच्या नावावर औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. वाईट चमूंचं पान कोरं होतं. कोरं पान बघून खूश होणारे साहेब आपल्याकडे कमी नाहीत.

इस्रोची पुढची पिढी इथं पुन्हा आठवते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. चांद्रयान-३ च्या आधी अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी काय काय बिघडलं हे जाहीरपणे मांडलं. इंजिनांचा जोर अपेक्षेहून जास्त झाला, चुका साठत गेल्या, यानाला वेगाने वळता येत नव्हतं आणि उतरायला जागा होती फक्त पाचशे मीटर लांब-रुंद. यावेळी काय काय बिघडू शकतं याची यादी करून यान बांधलं, असं त्यांनी सांगितलं. उतरण्याची जागा चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय बळकट केले, इंधन वाढवलं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान उतरलं. धवनांनी १९७९ मध्ये जो पायंडा पाडला, त्याचंच हे व्याज म्हणता येईल.

स्पिरिटचं कौतुक

आता ‘रेझिलियन्स’सारख्या शब्दांची काळी बाजू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईकरांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, बसगाड्यांत अडकलेल्यांना बिस्किटं-पाणी दिलं. दुसऱ्या दिवशीपासून ‘मुंबईचं स्पिरिट’ सुरू झालं. पण पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरवरून ५० वर न्यावी, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून महापालिकेकडे होता. बातमी वर गेली होती, तिथं ती बारा वर्षं फायलीत झोपली होती. सोसणाऱ्याचं कौतुक फुकट असतं, नाले रुंद करायला पैसे पडतात.

कचेऱ्यांतही हेच होतं. माणसं कमी करायची, काम तेवढंच ठेवायचं आणि उरलेल्यांना ताणाशी जुळवून घेण्याची कार्यशाळा द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद घेतली ती कामाच्या जागेशी जोडलेली बाब म्हणून, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून येणारी. त्यावर उपाय शोधायचा तर कामाच्या जागेकडेही बघावं लागतं.

उलट बाजूही महाराष्ट्रानेच दाखवली. २०२० च्या सप्टेंबरात, कोरोनाची पहिली लाट शिखरावर असताना, नंदुरबारचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनचा प्रकल्प उभा केला. लाट ओसरल्यावरही ते थांबले नाहीत, क्षमता वाढवत गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःची सोय होती. त्यात थरारक असं काही नाही. रुग्ण घटत असताना, सगळे सुटकेचा श्वास घेत असताना खर्चाची फाइल पुढे सरकवणं, एवढंच ते धैर्य. दबावाखालचं उत्तम नेतृत्व बहुतेक वेळा दबाव येण्याआधीच झालेलं असतं आणि म्हणून ते दिसत नाही.

मग करायचं काय?

या सगळ्या गाठोड्यातून वापरण्याजोगं थोडंच निघतं, पण ते टिकाऊ आहे. काम संपल्यावर, यश आलं तरीही, काय ठरलं होतं, काय झालं आणि फरक का पडला हे हुद्दे बाजूला ठेवून बोलणं. अमेरिकी सैन्यात ही रीत रुळलेली आहे. काम सुरू करण्यापूर्वी ‘समजा हे फसलं आहे, तर का फसलं?’ असं विचारणं. गॅरी क्लाइन यांनी मांडलेल्या या युक्तीमुळे शंका काढणारा अपशकुनी ठरत नाही, त्याने सोपवलेलं काम केलेलं असतं. निर्णय घेताना त्यामागची कारणं लिहून ठेवणं, म्हणजे नंतर स्मरणशक्ती आपल्या बाजूने साक्ष देत नाही. आणि चांगल्या दिवसांत दुसरी फळी खेळवणं.

पण या सगळ्या रीती एका प्रश्नावर उभ्या राहतात किंवा पडतात. आपल्या कार्यालयात, शाळेत, संघात शेवटची वाईट बातमी कुणी आणली होती आणि त्या माणसाचं पुढे काय झालं? त्याची बदली झाली असेल, तर भिंतीवर मनोवृत्तीची कितीही पोस्टरं लावा, लोकांनी धडा घेतलेला असतो. त्याला पुढच्या कामात बरोबर घेतलं असेल, तर पोस्टरची गरज नसते. ड्वेक यांच्या प्रयोगातल्या मुलांनी गुण वाढवून लिहिले, कारण खरे गुण लिहिण्याची किंमत त्यांना फार वाटली. ती किंमत कमी करणं, जरूर तर स्वतःच्या खिशातून भरणं, हे नेत्याचं काम.

पुरात वाचणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला आपल्याकडे प्रशिक्षणवर्गांच्या कितीतरी आधीपासून आहे. पण तुकोबांनी तो दिला तो ताकदीचा नमुना म्हणून नाही, देवाकडे लहानपण मागताना. धवनांनी त्या दिवशी पत्रकारांपुढे तेच केलं. अपयश आलं तेव्हा खुर्चीवर स्वतः बसले, यश आलं तेव्हा खुर्ची रिकामी केली. मोडून न पडण्याची ताकद सगळेच मागतात. पूर अंगावर आल्यावर लहान होणं ज्याला जमतं, त्याच्या आसऱ्याने बाकीचे तरतात आणि पुढच्या खेपेला काय चुकलं ते मोकळेपणी सांगतात.